ध्रुवावरचे ढग आणि रडारचा डोळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त यशवंतपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेचा इतिहास सांगावा किंवा साहित्यावर बोलावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. ही दोन्ही कामे माझ्याहून अधिकारी मंडळी या महोत्सवात करीतच आहेत. मला मात्र चिटणिसांनी ‘काहीतरी शास्त्रीय, पण समजेल असे’ बोलायला सांगितले. त्या ‘पण’मधील टोमणा मी मुकाट्याने गिळला आहे. विषय निवडला आहे तो पृथ्वीच्या दोन टोकांवरचा, आणि तोही जमिनीपासून तीनशे किलोमीटर उंचीवरचा. यशवंतपूरचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपण बसलो आहोत तेथून तुमकूर रस्त्याने थोडे पुढे गेले की पीण्याची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ‘आर्यभट’ हा आपला पहिला उपग्रह बांधला गेला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी तो रशियातून अवकाशात सोडण्यात आला. त्याच्यावर तीन वैज्ञानिक प्रयोग होते. त्यांपैकी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचा प्रयोग वातावरणाच्या वरच्या थरांविषयी होता. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे चार-पाच दिवसांतच ते प्रयोग थांबले, ही गोष्ट वेगळी. पण ज्या प्रदेशाविषयी मी आज बोलणार आहे, त्याची चौकशी करायला निघालेला आपला पहिला उपग्रह आपल्या शेजारच्या वस्तीतून निघाला होता, एवढे ध्यानात असू द्यावे.

त्या प्रदेशाचे नाव आयनांबर. नाव अपरिचित वाटले, तरी त्याची करामत आपणांपैकी अनेकांनी कानांनी अनुभवलेली आहे. ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना रेडिओ सिलोन आठवत असेल. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला लागे, आणि ऐन गाण्याच्या भरात आवाज हळूहळू दूर जाई, मग पुन्हा जवळ येई. घरातील वडील मंडळी रेडिओच्या पाठीवर थाप मारीत. रेडिओचा त्यात काही अपराध नसे. लघुलहरी जमिनीवरून सरपटत येत नाहीत. त्या वर जातात, आयनांबरात वळतात आणि पुन्हा खाली येतात. ते वळविणारे छप्परच स्थिर नसल्यामुळे आवाजाला भरती-ओहोटी येई. दुसरी आठवण कदाचित अधिक जिव्हाळ्याची असेल. बदली होऊन इकडे आलेल्या कुटुंबांना दिवसा मध्यमलहरींवर मुंबई केंद्र मिळत नसे. रात्री उशिरा, खरखरीतून का होईना, मराठी शब्द कानी पडत. असे का व्हावे? सूर्यप्रकाशाने साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर एक थर तयार होतो, तो मध्यमलहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी त्याहून वरच्या थरापर्यंत पोहोचतात आणि तेथून परतून शेकडो किलोमीटर दूरच्या घरात उतरतात. परगावी राहणाऱ्या माणसाला रात्री घरची भाषा ऐकू येई, ती सूर्य मावळल्याच्या कृपेने.

आता थोडी व्याख्या. सूर्याच्या जंबुपार व क्ष-किरणांनी हवेच्या विरळ थरांतील अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. मागे राहतात ते धनभारित आयन. भारित कणांच्या अशा मिश्रणाला इंग्रजीत प्लाझ्मा म्हणतात, आपल्या विश्वकोशाने त्याला आयनद्रायू असे नाव दिले आहे. सुमारे ६० किलोमीटरपासून हजारएक किलोमीटरपर्यंत हा प्रदेश पसरलेला आहे. दोनशे पन्नास ते चारशे किलोमीटर उंचीच्या दरम्यान त्याची दाटी सर्वांत जास्त असते. दाटी म्हणायची, पण ती आपल्या हिशेबात पोकळीच होय: एका घन सेंटिमीटरमध्ये एक लाखापासून दहा लाखांपर्यंत सुटे इलेक्ट्रॉन. तेथेही विद्युत्भार नसलेल्या साध्या कणांचीच बहुसंख्या असते. हजारात एखादा आयनीभूत. तो एखादाच सगळी उलथापालथ करतो. अल्पमताचे राज्य म्हणतात ते हेच!

१९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिक महासागरापार संदेश पकडला, तेव्हा पृथ्वीच्या गोलाईवरून लहर वळली कशी, हे कोणालाच सांगता येईना. पुढच्याच वर्षी हेव्हिसाइड आणि केनेली यांनी वर एखादा विद्युत्वाहक थर असावा, असा तर्क मांडला. १९२४ साली ॲपलटनने तो प्रयोगाने सिद्ध केला. १९२५ साली अमेरिकेत ब्राइट आणि टूव्ह यांनी लहरींचे तुटक ठोके वर पाठवून त्यांचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजले आणि थराची उंची काढली. ठोका पाठवायचा, प्रतिध्वनीची वाट पाहायची, वेळेवरून अंतर काढायचे. हीच तर रडारची मूळ कल्पना! या प्रदेशाला इंग्रजीतले आजचे नाव १९२६ साली रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी सुचविले, आणि त्याच गृहस्थांनी १९३५ साली विमाने हेरणारे रडार सिद्ध केले. म्हणजे रडारने आयनांबराचा अभ्यास करणे हे नातवाने आजोबांच्या घरी परत जाण्यासारखे आहे. आपल्या देशात हे काम कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांनी १९३० च्या सुमारास सुरू केले; त्यांचा १९४७ सालचा वरच्या वातावरणावरील ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला.

ठोका पाठवून प्रतिध्वनी घेण्याच्या या जुन्या पद्धतीला एक मर्यादा आहे. सर्वांत दाट थराच्या वर काय आहे ते तिला दिसत नाही, कारण लहर तेथून परत फिरते किंवा आरपार निघून जाते. १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम गॉर्डन यांनी एक धाडसी कल्पना मांडली. कंप्रता एवढी वाढवावी की लहर आरपार जाईल. पण जाताना प्रत्येक इलेक्ट्रॉन तिचा अत्यल्प अंश इकडेतिकडे उधळील, तो उधळलेला अंश पकडावा. अत्यल्प म्हणजे किती? दहा किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा आयनांबराचा ठोकळा घ्या, तोही सर्वांत दाट भागातला. त्यातील सगळ्या इलेक्ट्रॉनांची लहर उधळण्याची ताकद एकत्र केली, तर ती एक चौरस सेंटिमीटर पत्र्याइतकी भरते. तीनशे किलोमीटरवर टांगलेली नखाएवढी टिकली जमिनीवरून पाहण्याची ही गोष्ट. त्यासाठी प्वेर्तो रिकोमधील आरेसिबो येथे ३०५ मीटर व्यासाची तबकडी बांधण्यात आली. ती १९६३ साली सुरू झाली आणि १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. तिने पुढे आकाशातल्या किती गोष्टी शोधल्या! पण तिचा जन्म झाला तो आयनांबरासाठी.

गंमत अशी की केनेथ बोल्स यांनी त्याच १९५८ साली दुसऱ्याच एका साधनाने हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा गॉर्डन यांच्या अंदाजापेक्षा प्रतिध्वनी बराच स्पष्ट निघाला. इलेक्ट्रॉन हलके आणि उच्छृंखल. त्यांच्या गतीमुळे प्रतिध्वनीची कंप्रता दूरवर फाकेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात जड आयनांनी त्यांना लगाम घातलेला असतो, त्यामुळे तो फाकत नाही. या एका सुदैवी गोष्टीमुळे एकाच प्रतिध्वनीतून इलेक्ट्रॉनांची दाटी, त्यांचे तापमान, आयनांचे तापमान आणि त्यांचा वेग, अशा चारही गोष्टी वाचता येतात. वैद्याने एका नाडीवरून चार रोग ओळखावेत तसे.

दुसऱ्या जातीचे रडार निराळ्या तत्त्वावर चालते, आणि ध्रुवाच्या कथेत त्याला मोठे स्थान आहे. आयनांबरातील भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांना बांधलेले असतात; रेषेच्या बाजूने ते सहज सरकतात, आडवे सरकू शकत नाहीत. त्यामुळे प्लाझ्मात जी लहानमोठी गुंतवळ होते ती बलरेषांच्या दिशेने ताणलेल्या धाग्यांसारखी असते. दारावर मण्यांचा पडदा सोडलेला असतो ना, तसा पडदा डोळ्यांपुढे आणा. समोरून प्रकाश टाकला तर तो चमकून परत येतो. वरून किंवा खालून माळांच्या लांबीच्या दिशेने पाहिले, तर काहीच परत येत नाही. रडारच्या किरणाने या माळांना काटकोनात भेटले पाहिजे, आणि माळांमधील अंतर लहरीच्या लांबीच्या निम्मे असले पाहिजे. मग सगळे प्रतिध्वनी एकसुरात मिळून मोठे होतात.

विषुववृत्तापाशी हे काम सोपे आहे. तेथे बलरेषा आडव्या, दक्षिणोत्तर. तेव्हा जमिनीवरून जवळजवळ सरळ वर पाहिले की काटकोन साधतो. पेरू देशातील हिकामार्का येथे १९६० च्या दशकाच्या आरंभी उभारलेल्या रडारने हेच केले. आपल्याकडे त्रिवेंद्रमजवळचे थुंबा गाव २१ नोव्हेंबर १९६३ च्या पहिल्या अग्निबाणासाठी निवडले गेले, ते चुंबकीय विषुववृत्तावर असल्यामुळेच. बालाजीच्या दर्शनाला जाताना चित्तूर ते तिरुपती या रस्त्यावर गडंकी लागते. तेथे १९९० च्या दशकापासून ५३ मेगाहर्ट्झचे मोठे रडार काम करीत आहे. सुमारे १३० मीटर लांबीरुंदीच्या मैदानात आकाशकांच्या १,०२४ जोड्या ओळीने उभ्या आहेत. त्याची उभारणी मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेने केली, हे येथे अभिमानाने सांगण्यास हरकत नसावी. आपल्या डोक्यावरच्या आयनांबरात सूर्यास्तानंतर बुडबुडे उठतात, त्यांची निरीक्षणे या रडारने भरपूर केली आहेत. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय झाला.

ध्रुवावर सगळेच उलटे. बलरेषा तेथे जवळजवळ उभ्या, मण्यांच्या माळा छतापासून जमिनीकडे लोंबणाऱ्या. खालून पाहणाऱ्याला काटकोन मिळायचा कसा? विमाने शोधणाऱ्या रडारची लहर तर सरळ रेषेत जाते. येथे लघुलहरी मदतीला आल्या, रेडिओ सिलोनच्याच भाऊबंद. ८ ते २० मेगाहर्ट्झची लहर तिरपी सोडली तर आयनांबर तिला थोडी थोडी वाकवते; वाकता वाकता ती आडवी होते, लोंबत्या माळांना काटकोनात भेटते आणि आल्या वाटेने परत फिरते. जो दोष म्हणून आपण रेडिओच्या पाठीत धपाटे घातले, त्याच वाकण्याचा येथे उपयोग करून घेतला. १० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३० मीटर, तेव्हा तिला १५ मीटरचे धागे दिसतात. आणि प्रतिध्वनीच्या कंप्रतेत पडलेल्या फरकावरून ते धागे कोणत्या वेगाने जवळ येत वा दूर जात आहेत, हे कळते. आगगाडीची शिट्टी गाडी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, तेच तत्त्व. यशवंतपूरकरांना त्याचे अधिक स्पष्टीकरण नको.

असे पहिले रडार रे ग्रीनवॉल्ड यांच्या पुढाकाराने कॅनडातील लॅब्राडॉर प्रांतात, गूज बे येथे १९८३ साली सुरू झाले. १९८८ साली त्याचे जोडीदार अंटार्क्टिकात ब्रिटनच्या हॅली केंद्रावर उभे राहिले. एकाच बलरेषेची दोन टोके एकाच वेळी पाहावीत, हा त्यामागचा हेतू. पुढे देशोदेशींनी त्यात भर घातली आणि आज दोन्ही ध्रुवांभोवती तिसाहून अधिक रडारांचे जाळे विणले गेले आहे. रडारच्या मुख्य रांगेत साधारण सोळा आकाशक असतात. ते पंख्यासारखे सोळा दिशांना आळीपाळीने पाहतात आणि एक-दोन मिनिटांत हजारो किलोमीटर दूरपर्यंतचा पट्टा झाडून काढतात. एकाच कामासाठी इतक्या देशांनी सारख्या बनावटीची यंत्रे उभारावीत आणि निरीक्षणे सामाईक ठेवावीत, हे राजकारणाच्या क्षेत्रात फारसे दिसत नाही.

आता मुख्य कथेकडे वळतो. ध्रुवावर हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य उगवत नाही. ऐन हिवाळ्यात तर तीनशे किलोमीटर उंचीवरही तेथे पृथ्वीची सावली असते. इलेक्ट्रॉन निर्माण करणारा सूर्यच नाही. असलेले इलेक्ट्रॉन काही तासांत आयनांशी पुन्हा जुळून नाहीसे होतात. तेव्हा ध्रुवीय रात्रीचे आयनांबर रिते, विरळ असावे, अशी सरळ अपेक्षा. पण १९६० च्या सुमारासच उत्तरेकडील केंद्रांच्या नोंदींत अधूनमधून इलेक्ट्रॉनांची दाटी एकाएकी वाढलेली दिसे. अंधारात हे कोठून आले? १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी वायुदलाच्या भूभौतिकी प्रयोगशाळेतील वेबर, बुकाउ आदी संशोधकांनी ग्रीनलँडमधील थुले येथे, ज्या तळाला २०२३ पासून पिटुफिक म्हणतात, संवेदनशील कॅमेरे रोखले. डोळ्यांना न जाणवणाऱ्या मंद तांबड्या प्रकाशाचे ठिपके त्यांत दिसले. ते डोक्यावरून सरकत होते, आणि सर्व एकाच दिशेने: सूर्याच्या बाजूकडून मध्यरात्रीच्या बाजूकडे. शंभर ते हजार किलोमीटर रुंदीचे, भोवतालपेक्षा निदान दुप्पट दाटीचे हे प्लाझ्माचे ढग. इंग्रजीत त्यांना ठिगळे म्हणतात. मला ‘ढग’ हा शब्द अधिक बरा वाटतो.

ध्रुवावरचा हा ढग मूळचा ध्रुवावरचा नसतोच. तो जन्मतो दूर, जेथे सूर्यप्रकाश आहे तेथे. सूर्यापासून सतत वाहणारा सौरवात आपल्याबरोबर चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. त्या क्षेत्राचा रोख दक्षिणेकडे असला, तर ते पृथ्वीच्या बलरेषांशी जोडले जाते. जेम्स डंगी यांनी १९६१ साली मांडलेली ही उपपत्ती. जोडलेल्या बलरेषा सौरवाताबरोबर मागे ओढल्या जातात, आणि त्यांची खालची टोके, जी आयनांबरात रुतलेली असतात, तीही ध्रुवावरून ओढली जातात. त्यांच्याबरोबर प्लाझ्मा ओढला जातो. मध्यान्हीच्या बाजूला असलेल्या एका अरुंद खिंडीतून सूर्यप्रकाशात तयार झालेला दाट प्लाझ्मा जिभेसारखा ध्रुवप्रदेशात शिरतो. ती जीभ मध्येच तुटते आणि तुकड्यांचे ढग होतात. जीभ का तुटते? बलरेषांची जोडणी अखंड नसून धक्क्याधक्क्याने होते, म्हणून, असे काही म्हणतात. प्रवाहाची दिशा एकाएकी बदलते म्हणून, असे इतरांचे म्हणणे. दोन्ही पक्षांकडे पुरावे आहेत. बहुधा दोन्ही गोष्टी घडत असाव्यात.

पुढचा प्रवास रडारने पाऊल टाकीत पाहावा तसा पाहिला आहे. सेकंदाला अर्धा ते एक किलोमीटर या वेगाने ढग निघतो आणि तीनएक हजार किलोमीटरचा अंधार तास-दीड तासात ओलांडतो. इलेक्ट्रॉन विरून जायला त्याहून अधिक वेळ लागतो, म्हणून तो अंधारातही टिकून राहतो. शिदोरी संपण्यापूर्वी मुक्काम गाठणाऱ्या वाटसरूसारखा. मध्यरात्रीच्या बाजूला तो ध्रुवीय प्रकाशाच्या कड्यात शिरतो, तेथे ताणला जातो, आणि त्याचे पट्टे पहाट व सांज अशा दोन बाजूंनी परत दिवसाकडे वाहू लागतात. हा प्रवाह लघुलहरींच्या जाळ्याने नकाशासारखा उमटतो. ढगाच्या पोटात काय आहे हे मात्र पहिल्या जातीचे रडार सांगते. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे १९८१ पासून, आणि त्याच्याही उत्तरेला स्वालबार द्वीपसमूहात लाँगयिअरब्येन येथे १९९६ पासून, अशी रडारे युरोपीय सहकार्यातून चालत आली आहेत. स्वालबारला दोन तबकड्या आहेत: ३२ मीटरची फिरती, आणि ४२ मीटरची बलरेषेकडे रोखून स्थिर ठेवलेली. एक यंत्रणा नदीचा प्रवाह पाहते, दुसरी विहिरीत खोल डोकावते. दोन्ही मिळूनच चित्र पुरे होते.

ढगाची पिछाडी मात्र कधीच नीट राहत नाही. पुढची कड बरीचशी रेखीव, पण मागची कड विरलेल्या धोतराच्या काठासारखी दोरेदोरे होत जाते. दाट आणि विरळ प्लाझ्मा एकमेकांना लागून वाहताना सीमा डळमळते, लहान बोटे फुटतात, त्यांना आणखी लहान. अनेक किलोमीटरांपासून काही मीटरांपर्यंत. उपग्रहाकडून येणारी लहर या दोऱ्यांतून जाताना ताऱ्यासारखी लुकलुकते. दिशादर्शन करणारा ग्राहक कधी उपग्रह हरवून बसतो, कधी चुकीचे स्थान दाखवतो. २०१४ च्या २० ऑगस्टला उत्तर ध्रुवावर तर हजार किलोमीटरहून रुंद असे प्लाझ्माचे एक चक्रीवादळ सुमारे आठ तास फिरत होते, मध्यभागी शांत डोळ्यासह; जुन्या नोंदी धुंडाळून त्याचा वृत्तान्त चीनच्या संशोधकांच्या नेतृत्वाखाली २०२१ साली प्रसिद्ध झाला. विशेष म्हणजे त्या वेळी सौरवात अगदी सौम्य होता. शांत दिवशीही वर वादळ असू शकते, हे कळल्यावर अनेक जाणकारांच्या भुवया उंचावल्या.

आपल्या लोकांचा या कामाशी संबंध बाहेरून कौतुक करण्यापुरता नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ सालापासून चुंबकीय मोजमापे सुरू झाली. १८५९ च्या सप्टेंबरात इतिहासातील सर्वांत प्रचंड चुंबकीय वादळ झाले, तेव्हा कुलाब्याच्या सूचीने क्षैतिज बलात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ती जुनी पाने उलगडली, तेव्हा त्या वादळाचा नीट अंदाज जगाला आला. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार म्हणून नानाभाई मूस यांनी मोजमापे समुद्रापलीकडे अलिबागला नेली. १९०४ पासून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे मालिका तुटू नये! तीच संस्था आज अंटार्क्टिकातही सूच्या लावून बसली आहे. माझ्या मते आपल्या विज्ञानाच्या इतिहासात अलिबागच्या या बदलीइतके शहाणपणाचे सरकारी काम क्वचितच झाले असेल.

अंटार्क्टिकाची आपली पहिली मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र बर्फाने गिळले. ‘मैत्री’ १९८९ पासून खडकावर उभे आहे. ‘भारती’ २०१२ साली पुरे झाले, तेही मालवाहू जहाजांवरच्या १३४ पेट्या जोडून. ही सर्व व्यवस्था गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. नकाशावर पाहिले तर ही दोन केंद्रे अक्षांशाने जवळजवळ सारखी, सत्तरच्या आसपास. पण चुंबकीय अक्षांश मोजले की मैत्री सुमारे ६३ अंशांवर येते आणि भारती सुमारे ७५ वर. म्हणजे शांत वेळी मैत्री ध्रुवीय प्रकाशाच्या कड्याच्या बाहेर उभे राहून वादळ आपल्याकडे सरकते का ते पाहते. आणि भारती, पृथ्वी फिरते तशी, रोज मध्यान्हीला त्या खिंडीच्या आसपास पोहोचते, जिच्यातून ढग आत शिरतात. योगायोग असा की ज्या लार्समन टेकड्यांत भारती आहे, तेथेच चीनचे झोंगशान केंद्र आहे आणि २०१० पासून तेथे लघुलहरींचे रडार चालते. उत्तरेकडे स्वालबारमध्येच, न्यू-आलेसुंद येथे, २००८ पासून आपले ‘हिमाद्री’ आहे. तेथे हिवाळ्यात भर दुपारी काळोख असतो, आणि त्या काळोखात दुपारचाच ध्रुवीय प्रकाश दिसतो. डिसेंबर २०२३ मध्ये आपली पहिली हिवाळी मोहीम तेथे गेली. तिच्यात पुण्याची उष्णकटिबंधीय हवामान संस्था होती, आणि आपल्या सदाशिवनगरातील रमण संशोधन संस्थाही. रमण संस्थेच्या मंडळींना विश्वाच्या आरंभकाळातील अतिक्षीण रेडिओलहरी ऐकायच्या आहेत, म्हणून तेथे रेडिओचा गोंगाट किती आहे हे त्यांनी तपासले. अशा श्रोत्याच्या आणि विश्वाच्या मध्ये जो पडदा असतो, तो आपला आयनांबरच.

हे सगळे ऐकून गृहिणी म्हणतील, आम्हांला काय त्याचे? त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो. ११ जानेवारी २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले एअर इंडियाचे विमान थेट बंगळूरला उतरले. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व वैमानिक स्त्रिया होत्या, आणि ते उत्तर ध्रुवावरून आले होते. या सभागृहात अशी किती घरे आहेत, ज्यांची मुले-सुना तिकडे आहेत? ध्रुवाजवळ, साधारण ८२ अंशांच्या पलीकडे, विषुववृत्तावर स्थिर दिसणारे संदेशवाहक उपग्रह क्षितिजाखाली जातात. तेथे वैमानिकाला आधार उरतो तो मुख्यतः लघुलहरींच्या रेडिओचा. म्हणजे पुन्हा आयनांबराचा. सूर्यावरच्या स्फोटातून वेगवान प्रोटॉन आले, की ते ध्रुवांवरच्या खालच्या थराला असे भारून टाकतात की लघुलहरी तेथेच शोषल्या जातात, कधी काही तास, कधी काही दिवस. जानेवारी २०१२ मध्ये अशाच प्रसंगी अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने आशियाकडची काही विमाने ध्रुवावरून न नेता दक्षिणेकडच्या मार्गाने नेली. इंधन अधिक लागले, वेळ अधिक लागला. विमानतळावर वाट पाहणाऱ्या आईला उशिराचे कारण कोणी असे उलगडून सांगितले असेल, असे वाटत नाही.

सूचना आधी मिळाली तर पुष्कळ काही टळते. सूर्याच्या दिशेला पंधरा लाख किलोमीटरवर बसविलेला आपला ‘आदित्य-एल१’ सौरवात आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी सुमारे अर्धा-पाऊण तास तो अनुभवतो. त्याच्याशी बोलणारे नियंत्रण केंद्र आपल्या पीण्यातच आहे. मे २०२४ च्या मोठ्या वादळात लडाखमधील हानले येथे बंगळूरच्याच खगोलभौतिकी संस्थेच्या कॅमेऱ्यांनी आकाश तांबडे झालेले टिपले. ध्रुवाकडचा तो प्रकाश आपल्या देशाच्या सीमेत क्वचितच दिसतो. पण सौरवात येणार एवढे कळणे निराळे, आणि ढग नेमका कोठे, किती वाजता तुटेल, त्याचे कोणते दोरे कोणत्या उपग्रहाच्या वाटेत येतील हे सांगणे निराळे. एकदा ढग रडारात दिसला की पुढच्या तासाभरात तो कोठे जाईल याचा बरा अंदाज करता येतो. तो दिसण्यापूर्वी मात्र अंदाज अजून कच्चा आहे. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेला सुमारे दहा हजार आकाशकांचे जे नवे रडार योजले गेले आहे, ते किरण एकाच वेळी अनेक दिशांना रोखू शकेल, आणि ढगाची केवळ सावली न दिसता लांबी-रुंदी-उंचीसह त्याचे अंगच दिसेल, अशी त्यामागची अपेक्षा आहे.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत, आणि स्वयंपाकघरातून साजूक तुपाचा वासही आला आहे. मैत्री आणि अलिबाग येथील चुंबकमापींचे एकाच वादळातले आलेख मी येथे टेबलावर ठेवले आहेत. दोन्हींत रेषा कोठे कोसळते आणि कोणती आधी सावरते, ते जेवणानंतर मुलांनी येऊन पाहावे. विचारायचे असेल ते मोकळेपणाने विचारावे.